उन्हाळी वकील

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याकडे उन्हाळ्याची तीन कामं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली: लग्नं लावणं, तेंदूपत्ता तोडणं आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणं. पहिल्या कामात पैसा जातो, दुसऱ्यात येतो आणि तिसऱ्यात नेमकं काय होतं हे कळायला नातू जन्माला यावा लागतो. अलीकडे या यादीत चौथ्या कामाची भर पडली आहे. त्याला इंटर्नशिप म्हणतात. वकिली शिकणारी पोरं ते करतात.

हे काम पोरं हौसेनं करतात असं मात्र नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांतच तशी सक्ती आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांचा असेल तर २० आठवडे कुठल्यातरी वकिलाकडे, फर्मकडे, कंपनीकडे किंवा संस्थेकडे जाऊन शिकायचं. त्यातही एक अट अशी, की एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ही इंटर्नशिप चालता कामा नये. वकिलाच्या सहवासात चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिल्यास काय होतं, हे नियमात दिलेलं नाही. पण नियम करणारे सगळे वकीलच असल्यामुळे त्यांना माहीत असणार.

आमचा पुतण्या नागपूरला लॉ करतो. एप्रिलमध्ये घरी आला आणि त्यानं जाहीर केलं, की यंदा उन्हाळ्यात मी लॉ फर्ममध्ये कामाला लागणार.

वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?"

"पगार नसतो, आई. अनुभव मिळतो."

"मग अनुभव किती?"

याचं उत्तर पुतण्याकडे नव्हतं. कोपऱ्यात मोहफुलं निवडत बसलेल्या आमच्या बुढीनं मान वर न करता विचारलं, "फुकटच राबाचं हाय तं आपल्या बांधीत काय काम कमी हाय?" अभ्यासक्रमात या युक्तिवादाचं खंडन करणारा एकही निवाडा नसावा, कारण पुतण्या गप्प बसला.

सुरुवातीला त्याचा डोळा मुंबईवर होता. मुंबईत १८३० ची क्रॉफर्ड बेली आणि १८५६ ची लिटल अँड कंपनी अशा जुन्या फर्म आहेत, म्हणजे आपल्या भागात आगगाडी यायच्या आधीपासून तिथे पक्षकार येत होते. आता काचेच्या उंच इमारतींतून नव्या फर्मही झाल्या आहेत. तिथे वकील कोर्टात फारसे जातच नाहीत म्हणे. कंपन्या एकमेकींना विकत घेतात, त्याचे करार लिहीत बसतात. पुतण्यानं अशा बऱ्याच ठिकाणी अर्ज धाडले. अर्जासोबत आपली माहिती, सोबत एक विनंतीपत्र, त्यात ‘आपल्या नामांकित संस्थेत’ हे शब्द आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. काही ठिकाणांहून उत्तर आलं, की आपला अर्ज नोंदीत ठेवला आहे. आमच्या तलाठ्याच्या तोंडून हे वाक्य आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो आहोत, की त्याचा अर्थ पुतण्याला समजावून सांगावा लागला नाही.

घरच्यांचं मन वळवायला त्यानं अमेरिकेचा दाखला दिला. १९८९ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या सिडली ऑस्टिन या फर्ममध्ये हार्वर्डचा एक विद्यार्थी असाच उन्हाळी कामाला लागला होता. त्याला कामकाज समजावून द्यायला फर्मनं मिशेल रॉबिन्सन नावाच्या तरुण वकीलबाईंना नेमलं. पुढे तो विद्यार्थी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि बाई मिशेल ओबामा झाल्या. गोष्टीचा बोध राष्ट्राध्यक्षपदाकडे होता. वहिनींनी तो दुसरीकडून घेतला. "मुंबईच्या हापिसात पोरगी कोन हाय?" त्यांनी सावध होऊन विचारलं. भाऊ मात्र विदर्भाबाहेर गेला नाही. त्याचं म्हणणं, अमरावतीचे गवईसाहेब २०२५ च्या मे महिन्यात देशाचे सरन्यायाधीश झाले, तेही सुरुवातीला बॅरिस्टर राजा भोसल्यांच्या हाताखाली काम करत होते. तेव्हा मुंबई राहू दे, गोंदियातच कोणाचा तरी हात बघ.

आता गोंदियात फर्म शोधायची कशी? वकिलांना जाहिरात करायची बंदी आहे. विधिज्ञ परिषदेचा ३६ वा नियम तसं सांगतो. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराचीच हवी. म्हणजे खतांचं दुकान रस्त्यावरून दिसतं, दाताच्या दवाखान्याचा हसरा चेहरा भिंतीभर असतो, पण वकील तेवढा लपून बसलेला. यावर समाजानं एक तोडगा काढून ठेवला आहे. त्याचं नाव पानठेला. कोणता वकील जमिनीचा, कोणता जामिनाचा, कोणाच्या बोलण्याला वजन आणि कोणाच्या नुसत्या पोटाला, ही सगळी माहिती सुपारी कातरता कातरता मिळते. आणि ती देणारा मनुष्य हमखास स्वतः एखाद्या खटल्यात अडकलेला असतो, त्यामुळे माहिती अनुभवसिद्ध असते.

शेवटी उपयोगी पडला तो आमच्या एका नातेवाईकाचा धुऱ्याचा दावा. हा दावा त्या वकीलसाहेबांकडे इतकी वर्षं आहे, की दाखल झाला तेव्हा कागदावर ‘जिल्हा भंडारा’ असं लिहिलं होतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणजे दावा जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा. असा पक्षकार घरच्यासारखाच होतो. त्यानं शब्द टाकला आणि वकीलसाहेब म्हणाले, "पाठवून द्या पोराला." मुंबईच्या फर्मना गुणपत्रिका लागते, भाषण स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. आमच्याकडे घरात एक प्रलंबित दावा असला की पुरतं.

मुलाखतही झाली. पुतण्या रात्रभर राज्यघटना वाचत बसला होता. मूलभूत हक्क, मूलभूत संरचना, केशवानंद भारती, सगळं तोंडपाठ. वकीलसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, "मराठी टायपिंग येते का?"

"येते, सर. मोबाइलवर."

"कृतिदेवमध्ये?"

केशवानंद भारती तिथे काही कामाला आले नाहीत. तरी पोरगा निवडला गेला, कारण उमेदवार एकच होता.

मग कोट. इंटर्न विद्यार्थ्याचा पोशाख नियमातच दिलेला आहे: पांढरा सदरा, काळा टाय, काळा कोट, काळे बूट, काळे मोजे. हा नियम ज्यानं कोणी लिहिला त्यानं मे महिन्यात गोंदिया स्टेशनावर पाय ठेवलेला नसणार. आमच्याकडे २५ मेपासून नवतपा लागतो, तेव्हा कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकत नाही. गंमत अशी, की खालच्या कोर्टांत उन्हाळ्यापुरती खुद्द वकिलांना काळ्या कोटातून सवलत आहे. पक्का वकील पांढऱ्या सदऱ्यात मोकळा आणि कच्चा वकील कोटात शिजतोय, असा हा देखावा. पुतण्या सकाळी तोंडाला दुपट्टा बांधून, डोळ्यांना काळा चष्मा लावून, कोट घालून एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. आमच्या गावात पोलीस ठाणं आहे. तिथल्या शिपायानं त्याला दोनदा निरखून पाहिलं आणि कोट वकिलाचा आहे हे कळल्यावर तिसऱ्यांदा आणखी संशयानं पाहिलं.

ऑफिसात पोचल्यावर त्याला कळलं, की कोर्ट बंद आहे.

हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. विद्यार्थ्यांना उन्हाळ्याची सुटी, न्यायाधीशांनाही उन्हाळ्याचीच सुटी. मे महिना लागला की दिवाणी कोर्टं मिटतात ती थेट जूनमध्ये उघडतात. चालू असतं ते फौजदारीचं निकडीचं काम: अटक, कोठडी, जामीन. म्हणजे वर्षभर कोर्ट चालू असताना पोरगा कॉलेजात बसून कोर्ट कसं चालतं ते वाचतो आणि कोर्ट बघायची परवानगी मिळते तेव्हा कोर्टाला कुलूप असतं. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं यावर २०२४ मध्ये इलाज केला. उन्हाळी सुटीला आता तिथे ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ म्हणतात. आमच्या घरी हा शब्द सगळ्यांना फार आवडला. भावानं तर त्या दिवशीपासून दुपारची झोप अंशतः कामकाजात घ्यायला सुरुवात केली.

"कोर्ट बंद हाय तं मंग तू कायले जाऊन रायला?" बुढीनं रास्त शंका काढली.

पण कोर्ट बंद असलं तरी ऑफिस चालू असतं, आणि ऑफिस म्हणजे मुन्शी. वकीलसाहेब हा ऑफिसचा दर्शनी भाग, मुन्शी हा पाया. कोणती फाईल कोणत्या कपाटात, कोणत्या पक्षकाराकडे किती बाकी, नक्कल लवकर हवी असेल तर अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा, वेल्फेअर तिकीट कुठं लावायचं, बेलीफ कोणत्या गावी कोणत्या वारी जातो, ही सगळी विद्या मुन्शीजवळ. विद्यापीठानं त्याला पदवी दिलेली नाही, कारण विद्यापीठाला त्याचा विषयच माहीत नाही. पुतण्यानं पहिल्या दिवशी त्याला मोबाइलवर ई-कोर्ट्‌सचं ॲप दाखवलं, सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख कशी काढायची ते शिकवलं. मुन्शीनं शांतपणे ऐकून घेतलं, तीच तारीख फाईल न उघडता तोंडी सांगितली आणि वर न्यायाधीश त्या दिवशी रजेवर असण्याचा संभवही सांगितला. ॲपमध्ये ती सोय नाही.

पुतण्याचं ऑफिसातलं स्थान कूलरवरून ठरलं. कूलरच्या थेट समोर वकीलसाहेब, बाजूला ज्युनिअर, मग मुन्शी, मग फी भरलेले पक्षकार, मग फी न भरलेले आणि सर्वांत शेवटी इंटर्न. पण कूलरमध्ये पाणी भरणं इंटर्नकडे असल्यामुळे दिवसातून काही वेळा तरी तो सगळ्यांत पुढे असायचा. हातातल्या बादलीकडे पाहून एका म्हाताऱ्या पक्षकारानं त्याला चपराशी समजून चहा सांगितला आणि नंतर कोट पाहून हात जोडले. चहा मात्र आणायला लावलाच.

आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली खरी गोम कळली. कोर्ट बंद असताना ऑफिसात गर्दी कसली? तर शेतकऱ्यांची. धानाच्या मुलखात माणूस मोकळा होतो तो उन्हाळ्यातच. उन्हाळी धान निघालं, बांध्या कोरड्या पडल्या, चिखल गेला, गवत जळालं, की धुरा स्पष्ट दिसायला लागतो. वर्षभर पाण्याखाली आणि धानाखाली झाकलेली वीतभर सरकलेली माती एकाएकी डोळ्यांत भरते. मोजणीही याच दिवसांत सोयीची. लग्नाकार्यात सगळे भाऊबंद एका मांडवात येतात, तिथे एकमेकांना रसपोळीचा आग्रह करता करता वाटणीचा विषय निघतो. हातात वेळ, समोर धुरा आणि अंगात ऊन. मे महिना हा खटल्यांचा पेरणीचा महिना आहे. आणि नेमकी तेव्हाच कोर्टाला सुटी असते.

मग जूनमध्ये कोर्ट उघडतं. पण ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि त्या दिवसापासून शेतकऱ्याला मरायलाही सवड नसते. पऱ्हे टाकायचे, चिखल करायचा, रोवणीला बाया शोधायच्या. कोर्टात पुकारा होतो तेव्हा वादी गुडघाभर चिखलात आणि प्रतिवादी शेजारच्या बांधीत, तोही गुडघाभर चिखलात. दोघांना ट्रॅक्टर एकाचाच हवा असतो, म्हणून बोलणंही सुरू झालेलं असतं. वकील मुदत मागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद आहे, की सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. मृग, आर्द्रा आणि पुनर्वसू यांना ती लागू नाही. धान कापून, चुरून, विकून शेतकरी मोकळा होईस्तोवर न्यायाधीशांची दिवाळीची सुटी लागते. मोकळा शेतकरी आणि उघडं कोर्ट यांची गाठ पडणं हा आमच्याकडे योग आहे. तारखा का पडतात यावर दिल्लीत समित्या बसतात. त्यांनी दिल्लीत न बसता एक वर्ष बांधीच्या धुऱ्यावर बसावं.

अशा उन्हाळी पक्षकारांचं म्हणणं ऐकून घेणं पुतण्याच्या वाट्याला आलं, कारण वकीलसाहेब दुपारी अंशतः कामकाजात असत. हेही नियमाला धरूनच होतं. दोन पक्षकारांच्या मुलाखती बघून त्या डायरीत लिहायच्या, त्याला १५ गुण असतात. कागदपत्रं कशी तयार होतात ते बघून लिहायचं, त्याला आणखी १५. पोरगा डायरी घेऊन बसला. कॉलेजात तो मालमत्तेचा कायदा इंग्रजीत शिकलेला. इथे पहिल्याच पक्षकारानं सुरुवात केली ती आजोबांच्या दुसऱ्या लग्नापासून. धुऱ्यापर्यंत यायला त्याला दुपार लागली. मध्ये एक बैल मेला, एक पूर येऊन गेला, एका भाचीचं लग्न मोडलं. पुतण्यानं मध्येच अडवून विचारलं, "पण मुद्द्याचं काय?" पक्षकार दुखावला. "हाच तं मुद्दा हाय ना बापा! बैल मेला तवाच तं त्यानं धुरा कोरला."

हे सगळं मग कोर्टाच्या मराठीत उतरवायचं. ‘मौजा दवनीवाडा, तहसील व जिल्हा गोंदिया येथील गट क्रमांक अमुक, आराजी ०.४० हेक्टर’ इथून सुरुवात. खाली चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण, उत्तरेस प्रतिवादीची जमीन, दक्षिणेस आंब्याचे झाड. यातला नाला सरकलेला असतो, पांदण कोणीतरी दाबलेली असते आणि आंब्याच्या झाडाचा पाट होऊन तो प्रतिवादीच्याच घरात असतो. पुतण्याच्या पहिल्या मसुद्यावर वकीलसाहेबांनी लाल शाईनं इतक्या रेघा मारल्या, की मूळ काळा मजकूर त्यात अतिक्रमण करून बसल्यासारखा दिसत होता. ‘पक्षकार म्हणतो’ हे खोडून ‘वादीचे नम्र कथन येणेप्रमाणे’ केलं. बैल पूर्ण खोडला. बैल गेल्यावर दाव्यात काही राहिलंच नाही असं पक्षकाराचं ठाम मत पडलं, पण अंगठा त्यानं दिला.

एका बाबतीत मात्र पोरगा ऑफिसात भाव खाऊन गेला. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि आयुष्यभर पाठ केलेले आकडे एका रात्रीत बदलले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, चोरीचं ३७९ आता ३०३ झालं. वकीलसाहेबांच्या पिढीला हे म्हणजे स्वतःच्याच घरात अंधारात खाटेला ठेच लागण्यासारखं. पुतण्यानं नव्या-जुन्या कलमांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला. हातभट्टीवाल्यांना तेवढा काही त्रास झाला नाही. त्यांचा दारूबंदी कायदा १९४९ चाच आहे आणि कलम ६५ (ई) जागच्या जागी आहे. काहीतरी टिकाऊ आहे याचं मुन्शीलाही समाधान वाटलं.

घोळ गावात झाला. पोरगा संध्याकाळी परत आला की पानठेल्यावर त्याची वाट बघत मंडळी बसलेली असत. त्यानं सांगितलं, की आता ‘चारसोबीस’ नाही, फसवणुकीचं कलम ३१८ झालं, आणि नव्या संहितेत एकूण कलमंच ३५८ आहेत. मंडळींना हे पटेना. एक जण म्हणाला, "मी त्याले तीनशे अठरा म्हनू का? शिवी वाटतच नाही ते." दुसऱ्यानं विचारलं, एकशे चव्वेचाळीस तरी तेच आहे ना? पुतण्या म्हणाला, जमावबंदीचं आता १६३ झालं. नव्या प्रक्रिया संहितेत १४४ म्हणजे बायको, मुलं आणि आईबाप यांना पोटगी. यावर ठेल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ज्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं तो म्हणाला, "एकूण एकच झालं. पाचजन गोळा व्हाचं बंदच."

सल्ला मागणाऱ्यांचीही रांग लागली. फेरफार अडलाय, बहीण हक्क सोडत नाही, शेजाऱ्याचं सांडपाणी आपल्या वाड्यात येतं. पुतण्या बिचारा खरं तेच सांगे: मी अजून वकील नाही, सल्ला देता येत नाही, १९६१ च्या ॲडव्होकेट्‌स ॲक्टप्रमाणे सनद नसताना वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गावानं याचा वेगळाच अर्थ लावला. जो वकील विचारल्यावर तोंडच उघडत नाही त्याची फी फार मोठी असणार. महिनाअखेरीस त्याचा भाव एवढा वाढला, की तंटामुक्त समितीच्या बैठकीलाही त्याला बोलावणं आलं. ही गावोगावची समिती २००७ च्या मोहिमेतून आलेली आहे, गावातले तंटे गावातच मिटवण्यासाठी. बैठकीचा पहिला विषय समितीचा अध्यक्ष कोण, हा होता. पुतण्यानं त्या बैठकीचं वर्णन डायरीत लिहिलं. पण ते पक्षकाराच्या मुलाखतीत धरायचं की खटल्याच्या निरीक्षणात, हे त्याला ठरवता येईना.

चार आठवडे संपले. अनुभव किती, या वहिनींच्या प्रश्नाला आता उत्तर देता येत होतं: एक डायरी, कृतिदेवमध्ये बरा वेग, एसटीचा पास आणि कोटाच्या पाठीवर घामाचा पांढरा नकाशा, ज्याच्या चतुःसीमा धुऊनही जात नव्हत्या. वकीलसाहेबांनी निघताना खिशातून काही नोटा काढून त्याच्या हातात कोंबल्या. हा पगार की आशीर्वाद, हे पोरानं विचारलं नाही. एवढी वकिली तो शिकला होता.

राहिलं प्रमाणपत्र. कॉलेजात त्याशिवाय गुण मिळत नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, "तूच टाइप करून आण, मी सही करतो." पोरगा संगणकासमोर बसला आणि स्वतःविषयी लिहू लागला: सदर विद्यार्थी अत्यंत मेहनती, नम्र व वक्तशीर असून त्यास दिवाणी व फौजदारी कायद्याचे सखोल ज्ञान आहे, मसुदा लेखनात त्याने विशेष प्रावीण्य दाखवले असून त्याचे भवितव्य उज्ज्वल आहे. वकीलसाहेबांनी न वाचता खाली सही ठोकली, मुन्शीनं शिक्का उमटवला. लाल शाईची एकही रेघ न लागता पास झालेला पोराचा तो उन्हाळ्यातला एकमेव मसुदा.